गृहस्थाश्रमातील अवधूत : श्रीएकनाथमहाराज

गोदावरीच्या तीरावरील पैठण ही प्राचीन प्रतिष्ठाननगरी होय. सातवाहनांची राजधानी, विद्येचे पीठ आणि धर्मनिर्णयाचे स्थान म्हणून तिची कीर्ती दूरवर पसरलेली होती. याच नगरीत सोळाव्या शतकात श्रीएकनाथमहाराजांचा अवतार झाला. महाराष्ट्रीय संतमालिकेत नाथांचे स्थान एका दृष्टीने अगदी वेगळे आहे. ज्ञानेश्वरमहाराजांनी तारुण्याच्या उंबरठ्यावरच समाधी घेतली. समर्थ रामदासांनी लग्नमंडपातून पाय बाहेर काढला. तुकाराममहाराजांचा संसार दुष्काळाने होरपळून गेला. नाथांचा प्रपंच मात्र अखेरपर्यंत भरलेला होता. पत्नी, पुत्र, कन्या, नातवंडे, शिष्य, अतिथी, देवघर आणि पाकशाळा यांनी गजबजलेल्या वाड्यात राहून त्यांनी परमार्थ साधला. माणसाने चांगले जगावे म्हणजे नेमके कसे जगावे, या प्रश्नाचे उत्तर ज्यांना घरात राहूनच हवे आहे, त्यांना नाथांचे चरित्र फार जवळचे वाटते, ते याचमुळे.

नाथांचे कुल मूळचेच भगवद्भक्तांचे. त्यांचे पणजोबा संत भानुदास. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने पंढरीची विठ्ठलमूर्ती आपल्या राजधानीत नेली होती व भानुदासांनी ती तेथून परत आणली, ही कथा वारकरी संप्रदायात आदराने सांगितली जाते. भानुदासांचे पुत्र चक्रपाणी, चक्रपाणींचे पुत्र सूर्यनारायण आणि सूर्यनारायण व रुक्मिणी यांचे पुत्र ते एकनाथ. जन्मशकाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, तथापि इ. स. 1533 च्या सुमारास तो झाला असे बहुधा मानतात. आईबापांचे छत्र अगदी लहानपणी हरपले. वृद्ध आजोबा-आजींनी त्यांना वाढविले, मुंज केली, अध्ययन करविले. मूल बुद्धिमान व शांत होते. पण त्याचे चित्त गुरूच्या शोधाकडे लागले होते. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास कोणालाही न सांगता ते घरातून निघाले आणि देवगिरीस जनार्दनस्वामींच्या चरणी जाऊन पोचले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नाथांना लाभलेले गुरू अरण्यातील तापस नव्हते. जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार, निजामशाही दरबारचे अधिकारी. किल्ल्याचा बंदोबस्त, जमाखर्च आणि दत्तोपासना ही तिन्ही कामे ते एकाच निष्ठेने करीत. त्यामुळे व्यवहार आणि परमार्थ यांच्यामध्ये भिंत नाही, हा पहिला पाठ नाथांना गुरूच्या नित्याच्या वागण्यातूनच मिळाला. एकदा शत्रू चालून आला असता स्वामी समाधीत होते. त्यांचा समाधिभंग होऊ नये म्हणून कोवळ्या वयाच्या एकनाथांनी गुरूंचे चिलखत अंगावर चढविले, घोड्यावर बसून सैन्याचे नेतृत्व केले आणि गुरू जागे होण्यापूर्वी सर्व काही जागच्या जागी ठेवून दिले, असे चरित्रकार सांगतात.

त्याहूनही प्रसिद्ध आहे ती हिशेबाची गोष्ट. जमाखर्च लिहिण्याचे काम स्वामींनी या शिष्याकडे सोपविले होते. एके दिवशी एका पैचा मेळ बसेना. रात्र झाली, सर्वजण निजले. पण एकनाथ समईच्या उजेडात वह्या उलगडून बसले. तहान, भूक, झोप कशाचेच भान राहिले नाही. उत्तररात्री चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. जनार्दनस्वामी मागे उभे राहून हे सारे पाहत होते. एका पैची चूक सापडल्याने एवढा आनंद होतो, तर जन्माची चूक सापडल्यावर केवढा होईल, आणि हीच एकाग्रता ईश्वराकडे वळविली तर काय साधणार नाही, अशा आशयाचा बोध त्यांनी त्या वेळी केला. त्यानंतर स्वामींनी शिष्याला शूलिभंजन पर्वतावर तपाचरणासाठी पाठविले. पुढे गुरुशिष्यांनी मिळून त्र्यंबकेश्वरापर्यंत यात्रा केली. चतुःश्लोकी भागवतावरील नाथांची टीका ही त्यांची पहिली ग्रंथरचना त्याच यात्रेतली, असे परंपरा मानते.

तीर्थाटन संपवून नाथ पैठणास आले, तेव्हा वृद्ध चक्रपाणी त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. नातू आता विरक्त होऊन निघून जाईल, ही त्यांची भीती. म्हणून त्यांनी आधीच देवगिरीस जाऊन जनार्दनस्वामींकडून आज्ञापत्र आणून ठेवले होते. पत्र हाती पडेल तेथेच राहावे व गृहस्थाश्रम स्वीकारावा, असा त्या पत्राचा आशय होता. आजोबांनी ते नातवाच्या हाती दिले. नाथांनी ते मस्तकी धरले आणि त्या जागेवरून पुढे पाऊल टाकले नाही. पुढे त्याच ठिकाणी त्यांचे निवासस्थान झाले, अशी आख्यायिका आहे. गुरूने संन्यासाची आज्ञा केली असती तर नाथांनी तीही पाळली असती. पण आज्ञा झाली ती घर मांडण्याची. आणि घर मांडणे हीच त्यांची तपश्चर्या झाली.

विजापूरकडील एका सत्त्वशील घराण्यातील गिरिजाबाई त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. उद्धव नावाचा एकनिष्ठ शिष्य घरची व्यवस्था पाहू लागला. नाथांच्या दिनचर्येचे वर्णन चरित्रकारांनी मोठ्या आवडीने केले आहे. उषःकाली उठून गुरुस्मरण, नंतर गोदास्नान, संध्या व देवपूजा, त्यापुढे ग्रंथलेखन व भागवताचे वाचन, मध्यान्ही अतिथींचे पूजन व पंक्तीसह भोजन, तिसऱ्या प्रहरी पुराण, रात्री हरिकीर्तन. या क्रमात अद्भुत असे काहीच नाही. प्रत्येक गोष्टीला तिची वेळ आणि त्या वेळी त्या गोष्टीखेरीज दुसरीकडे मन नाही, एवढेच त्याचे मर्म. आपल्या पूर्वजांनी दिनचर्येला शास्त्राची प्रतिष्ठा दिली, ती शरीरस्वास्थ्यासाठी तर खरीच. परंतु दिवसाला वळण लागले म्हणजे मनालाही लागते, हा अनुभव तिच्या मुळाशी होता. नाथांचे आयुष्य त्याची साक्ष देते.

नाथांचा मुख्य ग्रंथ म्हणजे श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावरील मराठी टीका. 31 अध्याय आणि सुमारे 18,800 ओव्या असा त्याचा विस्तार आहे. वारकरी संप्रदायाच्या प्रस्थानत्रयीत ज्ञानेश्वरी व तुकाराममहाराजांची गाथा यांच्याबरोबर त्याची गणना होते. या स्कंधाच्या सातव्या ते नवव्या अध्यायांत यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. घरदार नसलेल्या, तरीही आनंदाने फिरणाऱ्या त्या अवधूताला राजाने त्याच्या समाधानाचे कारण विचारले, तेव्हा त्याने आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत एकही ग्रंथ नाही की एकही पंडित नाही. पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र व सूर्य. कपोत, अजगर, समुद्र, पतंग व भ्रमर. हत्ती, मध गोळा करणारा, हरिण व मासा. पिंगला नावाची वेश्या, मांस पळविणारा कुररपक्षी, बालक व कुमारी. बाण घडविणारा कारागीर, सर्प, कोळी आणि कुंभारीण माशी असे हे गुरुमंडल आहे.

शेतात, रानात, अंगणात आणि बाजारात जे रोज दिसते, त्यातूनच जगण्याची विद्या घ्यावी, अशी ही शिकवण आहे. पृथ्वीला सारे तुडवितात, तरी ती आपली मर्यादा सोडीत नाही; तिच्यापासून क्षमा शिकावी. समुद्र पावसाळ्यात फुगत नाही व उन्हाळ्यात आटत नाही. त्याच्यापासून लाभहानीत समता शिकावी. भ्रमर फुलाला न दुखविता थोडेसेच घेतो. मधमाशी साठा करते आणि तो दुसराच घेऊन जातो. कुररपक्ष्याच्या चोचीत मांसाचा तुकडा आहे तोवर इतर पक्षी त्याला टोचतात. तुकडा टाकताच तो मोकळा होतो. कुमारीच्या हातांतील कांकणे साळी कांडताना वाजू लागली व पाहुण्यांना घरचे दारिद्र्य कळेल म्हणून तिला लाज वाटली. तेव्हा एकेक कांकण ठेवून तिने बाकीची उतरविली आणि आवाज थांबला. बाण सरळ करण्यात गढलेल्या कारागिराला राजाची मिरवणूक शेजारून गेलेली कळली नाही. देवगिरीवर रात्रभर वह्या चाळणाऱ्या एकनाथांना या कारागिराची ओळख वेगळी करून देण्याची गरज नव्हती.

तथापि येथे एक अडचण आहे आणि नाथांच्या चरित्राचे खरे महत्त्व तिच्यातच आहे. अवधूताचा हा सारा उपदेश वरवर पाहता घर सोडणाऱ्यासाठी आहे. सर्प स्वतःचे घर बांधीत नाही, म्हणून तो सुखी. कपोत पिलांच्या मोहाने जाळ्यात झेप घेतो, म्हणून त्याचा नाश. मग ज्याला गुरूनेच घर मांडावयास सांगितले, त्याने हे धडे कसे गिरवावे? नाथांनी याचे उत्तर आपल्या वागणुकीने दिले. घर ठेवावे, पण ते आपले म्हणून अडवू नये. अन्न शिजवावे, पण ते साठवू नये. माणसांवर प्रेम करावे, पण त्यांना मुठीत धरू नये.

एकदा मध्यरात्री, भर पावसात, चार भुकेले ब्राह्मण दारी आले. सरपण भिजलेले होते. नाथांनी आपला पलंग मोडून त्याची लाकडे चुलीत घातली आणि अतिथींना ऊन अन्न वाढले, असे सांगतात. पितृश्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकाचा सुवास रस्त्यावरून जाणाऱ्या, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या, भुकेल्या कुटुंबाला आला आणि त्यांच्या मुलांच्या तोंडाला पाणी सुटले. नाथांनी श्राद्धासाठी सिद्ध केलेले अन्न त्यांनाच वाढले. निमंत्रित ब्राह्मण रुसून जेवावयास आले नाहीत, तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन बसले, अशी श्रद्धा आहे. काशीची गंगा कावडीने रामेश्वरास नेत असता वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला त्यांनी ती पाजली. रामेश्वराने ती तेथेच स्वीकारली असे त्यांनी मानले. गोदेच्या तापलेल्या वाळूत चुकलेले, अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील मूल त्यांनी कडेवर घेऊन घरी पोचविले. कर्मठांच्या नगरीत या प्रत्येक कृत्याची किंमत द्यावी लागत असे. बहिष्काराची धमकी व निंदा हे त्यांच्या नित्याचेच झाले होते.

नाथांच्या शांतीची परीक्षा घेण्यासाठी पैठणच्या काही टवाळांनी एका गरजू ब्राह्मणास, नाथांना राग आणून दाखविल्यास, दोनशे रुपये देण्याचे कबूल केले. तो जोडे घालून थेट देवघरात शिरला व नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी त्याच्या भेटीच्या ओढीचे कौतुकच केले. जेवणाच्या वेळी गिरिजाबाई वाढण्यासाठी वाकल्या, तेव्हा तो त्यांच्या पाठीवर चढला. नाथांनी पत्नीला त्याला पडू न देण्याची सूचना केली. आणि त्या माउलीने, हरीला पाठीशी घेऊन कामे करण्याचा आपल्याला सराव आहे, असे हसत सांगितले. ब्राह्मणाने शरमून सारी हकीकत कथन केली. तेव्हा, आधी कळले असते तर आपण रागावून त्याचे काम केले असते, एवढेच नाथ म्हणाले. या प्रसंगात नाथांइतकाच गिरिजाबाईंचाही मोठेपणा आहे. शांतिब्रह्म ही पदवी जगाने नाथांना दिली. त्या शांतीचा अर्धा भार त्यांच्या घरधनिणीने वाहिला होता.

भागवताची टीका नाथांनी पैठणास आरंभिली व तिचे पहिले पाच अध्याय काशीस पोचले. देवभाषेतील ग्रंथ प्राकृतात आणल्याबद्दल तेथील पंडितांनी आक्षेप घेतला आणि नाथांना काशीस यावे लागले. तेथे विद्वानांच्या समोर राहून त्यांनी रुक्मिणीस्वयंवर इ. स. 1571 मध्ये आणि भागवतटीका इ. स. 1573 च्या कार्तिकी पौर्णिमेस पूर्ण केली. प्रथम विरोध करणाऱ्यांनीच पुढे ग्रंथाचा गौरव केला, असे परंपरा सांगते. मराठीविषयीचा हा अभिमान त्यांनी ग्रंथापुरता ठेवला नाही. वासुदेव, जोशी, गोंधळी, कोल्हाटी अशा गावोगाव फिरणाऱ्या लोकांच्या वाणीत त्यांनी भारुडे रचली आणि वेदान्ताचे तत्त्व चावडीपर्यंत नेऊन पोचविले.

परंतु जो वाद त्यांनी काशीत जिंकला, तोच पुढे त्यांच्या घरात उभा राहिला. त्यांचे पुत्र हरिपंडित शास्त्रनिपुण व कर्मनिष्ठ होते. पित्याने प्राकृतात पुराण सांगावे आणि कोणाच्याही घरी अन्न घ्यावे, हे त्यांना रुचेना. शेवटी ते बायकामुलांसह काशीस निघून गेले. नाथ वृद्धापकाळाकडे झुकले होते. ते स्वतः काशीस गेले व पुत्राला परत येण्याची विनंती केली. हरिपंडितांनी दोन अटी घातल्या : परान्न घ्यावयाचे नाही आणि प्राकृत पुराण सांगावयाचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. ज्या भाषेसाठी त्यांनी काशीच्या पंडितसभेत मान लवविली नव्हती, ती भाषा त्यांनी पुत्रासाठी मुकाट्याने बाजूस ठेवली. पैठणास परतल्यावर हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले, नाथ श्रोत्यांत बसू लागले आणि हळूहळू श्रोत्यांची दाटी विरळ झाली.

हा कपोताचा मोह होता काय, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. पुढील प्रसंग तिचे निरसन करतो. पैठणातील एका विधवा वृद्धेने पूर्वी सहस्रभोजनाचा संकल्प केला होता. पुढे दारिद्र्य आले आणि तो तसाच राहिला. एका ब्रह्मनिष्ठाला जेवू घातल्यास सहस्रभोजनाचे फल मिळते, हे ऐकून तिने नाथांना बोलाविले. नाथ अटीने बांधले गेले होते. पण वृद्धेला विन्मुख करणेही शक्य नव्हते. त्यांनी हरिपंडितांनाच तिच्या घरी स्वयंपाक करावयास सांगितले. त्यामुळे अन्न पुत्राच्या हातचे झाले आणि वृद्धेचा संकल्पही राहिला. भोजनानंतर नाथांनी आपली पत्रावळ पुत्राला उचलावयास सांगितली. हरिपंडितांनी ती उचलली, तो खाली दुसरी. ती उचलली, तो तिसरी. अशा सहस्र पत्रावळी निघाल्या, असे भक्तिविजयकार महिपतींच्या परंपरेतील चरित्रे सांगतात. हरिपंडितांनी पित्याचे चरण धरले आणि स्वतः विनवून प्राकृत पुराण पुन्हा सुरू करविले.

भाविकाने यात चमत्कार पाहावा. विचारी वाचकाने आणखी एक गोष्टही पाहावी. नाथांनी वाद जिंकण्याचा हट्ट सोडला, पण करुणा सोडली नाही. मोहात पडलेला कपोत पिलांसाठी जाळ्यात शिरतो आणि सर्वांसह नष्ट होतो. नाथ पुत्रासाठी बंधनात शिरले ते स्वतःचा अहंकार मागे ठेवून. म्हणून ते बंधन दोघांनाही घातक झाले नाही. घर टिकले, पुत्र टिकला, आणि अखेर पुराणही टिकले.

उत्तर आयुष्यात नाथांनी आणखी एक ऋण फेडले. इ. स. 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत तोवर जवळजवळ तीनशे वर्षांत लेखकांच्या हातून अनेक पाठभेद शिरले होते. ज्ञानेश्वरमहाराजांनी स्वप्नात येऊन, अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, ती दूर करावी, असे सांगितल्यावरून नाथ आळंदीस गेले, अशी कथा आहे. त्यांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि इ. स. 1584 मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्या हाताने एका पैची चूक शोधली होती, त्याच हाताने हे संशोधन झाले. त्यांचा शेवटचा ग्रंथ भावार्थरामायण. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत येऊन तो थांबला. पुढील भाग गावबा नावाच्या शिष्याने पूर्ण केला. पुरणपोळीच्या आवडीने नाथांच्या घरी येऊन राहिलेला, लोकांनी मंद ठरविलेला हा मुलगा. त्याच्या हाती नाथांनी आपला अपुरा ग्रंथ विश्वासाने ठेवला.

इ. स. 1599 मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीस, नाथांनी गोदावरीत देह ठेवला. त्यांच्या गुरूंच्या जीवनातील मोठ्या घटनाही याच तिथीस घडल्या, असे संप्रदाय मानतो. कन्येच्या पोटी जन्मलेले मुक्तेश्वर पुढे मराठीतील थोर कवी झाले. नाथषष्ठीची यात्रा आजही पैठणास भरते. पैठण 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होते, नंतर मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात आले. राज्ये बदलली, दिंड्यांची वाट बदलली नाही. नाथांच्या चरित्रालाही सीमा नाहीत. त्यांच्या पणजोबांची कीर्ती विजयनगराशी जडली आहे, गिरिजाबाई विजापूरकडच्या, ग्रंथाची पूर्णता काशीची. आणि भागवताच्या तेविसाव्या अध्यायात त्यांनी ज्याची कथा विस्ताराने सांगितली, तो धन गेल्यावर शहाणा झालेला कृपण ब्राह्मण अवंतीचा.

त्या कृपणाला घर होते, पण त्यात अतिथीला जागा नव्हती. म्हणून सर्वस्व गेल्यावरच त्याला शांती लाभली. नाथांनी हातचे काहीही जाण्याची वाट पाहिली नाही. दार उघडे ठेवले, पंक्ती वाढविल्या आणि जे होते ते असतानाच वाटून टाकले. अवधूताने रानात मिळविलेले समाधान त्यांना पैठणच्या गजबजलेल्या वाड्यात, चुलीच्या धुरात आणि मुलानातवंडांच्या गोंगाटात मिळाले. प्रपंची भक्ताला त्यांच्या चरित्रातून मिळणारा आधार हाच आहे.